गोवर्धनच्या अक्षयनिधीचे दुहेरी कोष्टक

नाशिक शहरातून गंगापूर रोडने पश्चिमेकडे निघाले म्हणजे आनंदवल्ली व गंगापूर मागे टाकून गोवर्धन हे गाव लागते. गंगापूर धरण तेथून जवळच आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा परिसरही याच भागात आहे. आज या गावाचे नाव फारसे कोणाच्या तोंडी नसले, तरी त्रिरश्मी पर्वतावरील, म्हणजे पांडवलेण्यांतील, शिलालेखांत जे गोवर्धन पुनःपुन्हा येते ते हेच, असे सामान्यतः मानले जाते. सातवाहन नृपती गौतमीपुत्र सातकर्णी याची आज्ञा गोवर्धन येथील अमात्याला उद्देशून आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने आपला अक्षयनिधी ठेवला तोही गोवर्धनात राहणाऱ्या कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, निकायांकडे. या अक्षयनिधीच्या लेखाचा राजकीय इतिहासाच्या अंगाने पुष्कळ विचार झालेला आहे. हिशेबाचा दस्तऐवज म्हणून त्याची तपासणी त्या मानाने थोडी झाली आहे, आणि तशी तपासणी करू जाता शालेय गणितातील एक अगदी साधा पाठ उपयोगी पडतो. तो पाठ म्हणजे दुहेरी कोष्टक भरणे.

दुहेरी कोष्टक म्हणजे एकाच समुदायाची दोन भिन्न दृष्टींनी केलेली वाटणी. आडव्या ओळी एका गुणाने पडतात, उभे रकाने दुसऱ्या गुणाने. प्रत्येक घरात दोन्ही गुण ज्यांना लागू पडतात तेवढ्यांची संख्या असते. उजव्या कडेला ओळींच्या बेरजा, तळाला रकान्यांच्या बेरजा आणि कोपऱ्यात सर्वांची बेरीज, जी आडवी घेतली काय किंवा उभी घेतली काय, एकच आली पाहिजे. परीक्षेत काही घरे रिकामी ठेवून ती भरावयास सांगतात. विद्यार्थी वजाबाकी करतो, घर भरतो, आणि पुढील प्रश्नाकडे वळतो. कोणते घर भरता येते आणि कोणते येत नाही, हा मूळ प्रश्न मात्र सहसा विचारलाच जात नाही, कारण पाठ्यपुस्तकातील कोष्टक भरता यावे अशाच बेताने रचलेले असते. इतिहासाने मागे ठेवलेली कोष्टके अशी सोयीची नसतात. सांख्यिकीत या कोष्टकांचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या आरंभी, कार्ल पिअर्सन याच्या १९०४ च्या निबंधापासून सुरू झाला असे म्हणण्याची वहिवाट आहे. तथापि दोन दिशांनी मेळ घालण्याची गरज त्याहून फार जुनी आहे, आणि जेथे एकाचा पैसा दुसऱ्याच्या हाती व त्याचे फळ तिसऱ्याला, तेथे ती प्रथम निर्माण होते.

उषवदाताचा व्यवहार नेमका असाच तिपेडी होता. प्रस्तुत लेख क्रमांक १० च्या लेण्यात आहे. नाशिकच्या लेखांवरील रा. गो. भांडारकर यांचा निबंध लंडन येथील १८७४ च्या प्राच्यविद्या परिषदेसाठी लिहिला गेला. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी १८८३ च्या नाशिक गॅझेटियरसाठी लेण्यांतील लेखांवर काम केले, आणि एमिल सेनार यांनी १९०५-०६ च्या सुमारास एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडात त्यांचे संपादन प्रसिद्ध केले. लेखातील मजकूर थोडक्यात असा : वर्ष ४२, वैशाख मास, उषवदाताने हे लेणे चारी दिशांच्या संघाला दिले, आणि त्याजबरोबर ३००० कार्षापणांचा अक्षयनिधी दिला. हा निधी लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या चीवरांसाठी व ‘कुशणमूला’साठी होता. रक्कम गोवर्धनातील निकायांकडे ठेवली : एका कोलिकनिकायाकडे २०००, व्याज शेकडा एक, दुसऱ्या कोलिकनिकायाकडे १०००, व्याज शेकडा पाऊण. मुद्दल परत द्यावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा. त्यांपैकी शेकडा एक दराच्या दोन हजारांतून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. पाऊण दराच्या हजारातून कुशणमूल. हे सर्व निगमसभेत ऐकविले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदविले, असेही लेख सांगतो.

वर्ष ४२ कोणत्या गणनेतील, हा वाद जुना आहे. शक मानल्यास इसवी सन १२० येते. नहपानाला त्याहून बराच आधी नेणारेही अनेक आहेत. प्रस्तुत विवेचनाला या वादाचा निर्णय आवश्यक नाही. मात्र लेखातील एका शब्दापाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. पाऊण टक्क्यासाठी लेखात ‘पायून’ असा शब्द आहे. संस्कृत ‘पादोन’ आणि आपला ‘पाऊण’ यांच्या मधली ही पायरी. पंतोजींच्या शाळेत पाऊणकी घोकणाऱ्या मुलांच्या तोंडी जो शब्द शतकानुशतके होता, तो गोवर्धनच्या विणकरांच्या हिशेबात याप्रमाणे आधीच रुळलेला होता.

आता लेखातील आकडे दुहेरी कोष्टकात मांडू. ओळी निकायांच्या, रकाने विनियोगाचे :

| | चीवरासाठी | कुशणमूलासाठी | एकूण |
|---|---|---|---|
| पहिला कोलिकनिकाय | | | २००० |
| दुसरा कोलिकनिकाय | | | १००० |
| एकूण | २००० | १००० | ३००० |

कडेच्या पाचही संख्या लेखात आहेत. एकूण ३००० आरंभीच सांगितले. निकायवार २००० व १००० त्यानंतर. आणि चीवराचे हजार दोन व उरलेला हजार कुशणमूलाचा, असे विनियोगवार आकडे शेवटी. बेरजा जुळतात. घाईचा वाचक येथे म्हणेल की आतील घरे उघडच आहेत. पण ती उघड नाहीत. कडेच्या सर्व बेरजा ठाऊक असूनही आतील चार घरे ठरत नाहीत. पहिल्या निकायाच्या २००० पैकी १५०० चीवरासाठी व ५०० कुशणमूलासाठी, आणि दुसऱ्या निकायाचे ५०० चीवरासाठी व ५०० कुशणमूलासाठी, अशी वाटणी केली तरी कडेचा एकही आकडा बदलत नाही. पहिल्या निकायाचे १००० चीवराला आणि १००० कुशणमूलाला, दुसऱ्याचे सर्व १००० चीवराला, असे धरले तरीही कडा तशाच राहतात. पहिल्या घरात १००० पासून २००० पर्यंत कोणतीही संख्या बसू शकते. दोन ओळी व दोन रकाने यांच्या कोष्टकात कडांखेरीज आणखी एक घर कळावे लागते. ते कळले की उरलेली तीन वजाबाकीने मिळतात. तीन ओळी व तीन रकाने असतील तर अशी चार घरे स्वतंत्रपणे कळावी लागतात. ओळींतून एक वजा, रकान्यांतून एक वजा, आणि या दोहोंचा गुणाकार, असा हा नियम आहे.

लेख सिद्ध करणाऱ्याला हा नियम सूत्ररूपाने माहीत होता, असे म्हणण्यास आधार नाही. पण त्याने जे केले ते त्या नियमाला धरून आहे. दोन हजार चीवराचे, एवढे सांगून तो थांबला नाही. शेकडा एक दराने लावलेले जे दोन हजार, त्यांतून चीवर, असे त्याने नेमके सांगितले. दर हा येथे निकायाची खूण आहे. त्या एका वाक्यांशाने पहिले घर भरले : २०००. मग शेजारचे घर शून्य, खालचे शून्य आणि चौथे १०००. ज्या घरांत काही नाही त्यांचा उल्लेख लेखात नाही, आणि तो असण्याचे कारणही नव्हते. नाशिकच्या लेण्यांतील संख्याचिन्हे अंकांच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. त्यांत हजाराला स्वतंत्र चिन्ह आहे, शून्याला नाही. तथापि रिकामे घर आणि शून्याचे घर हा भेद चिन्हावाचूनही पाळता येतो. एका ठिकाणी दात्याचे मौन ‘काही नाही’ असे सांगते, दुसऱ्या ठिकाणी झिजलेल्या दगडाचे मौन काहीच सांगत नाही. विद्यार्थ्यांची या दोहोंत नेहमी गल्लत होते, आणि संशोधकांचीही होत नाही असे नाही.

हे वाचन बरोबर आहे की नाही याचा पडताळा त्याच लेखात सापडतो. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा, म्हणजे २४० कार्षापण. वर्षावास वर्षातून एकदाच होतो, तेव्हा ही वार्षिक गरज होय. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे २०. वीसाचे दोनशे चाळीस होण्यास बारा आवर्तने लागतात, म्हणून दर महिन्याचा असला पाहिजे. व्याजाची मुदत लेखात शब्दाने सांगितलेली नाही. ती या मेळावरून मिळते. शेकडा दरमहा ही व्याज सांगण्याची रीत मराठी सावकारीत अलीकडेपर्यंत चालू होती. कौटिलीय अर्थशास्त्रातही शेकडा सव्वा पण दरमहा हीच धर्म्य वृद्धी सांगितली आहे. तेव्हा ज्यांना हिशेब ऐकावयाचा होता त्यांना ‘दरमहा’ हा शब्द ऐकण्याची गरज नसावी. या मेळावरून आणखी दोन गोष्टी निघतात. व्याज सरळ आहे, चक्रवाढ नाही. आणि अधिक मासाचे व्याज धरलेले नाही, वर्ष बारा महिन्यांचेच आहे. ज्या वर्षी अधिक मास येई त्या वर्षीच्या जादा वीस कार्षापणांचे निकाय काय करीत, याचा तपशील फलकावर असला तर असेल. दगडावर तो नाही.

पडताळ्याचे बळ किती आहे हे वर दिलेल्या पर्यायी वाटण्या तपासून पाहिल्यास कळते. चीवराचे १५०० पहिल्या निकायात व ५०० दुसऱ्यात असते तर वार्षिक व्याज १८० अधिक ४५, म्हणजे २२५ आले असते; वीस भिक्षूंना बारा-बारा पुरले नसते. हजार-हजार असते तर २१०, म्हणजे दर भिक्षूस साडेदहा. पहिल्या निकायाचे संपूर्ण दोन हजार चीवराकडे असले तरच २४० होतात, अन्य कोणत्याही वाटणीने होत नाहीत. म्हणजे एक घर लेखाने शब्दाने भरले, आणि तेच घर वीस व बारा या दोन स्वतंत्र आकड्यांनी पुन्हा भरले. दोन्ही वेळा संख्या एकच आली.

एवढी काळजी का घेतली असावी? उषवदाताच्या इतर दानांत गावे आहेत, जमिनी आहेत, चिखलपद्र गावची नारळीची ८००० झाडे आहेत, आणि याच लेखाच्या पुरवणीत देव व ब्राह्मण यांना दिलेले ७०,००० कार्षापण आहेत, ज्यांचा सुवर्णात हिशेब ३५ कार्षापणांस एक या भावाने मांडला आहे. तेथे देणे एकदा झाले की संपले. अक्षयनिधी संपत नाही. मुद्दल विणकरांकडे राहणार आणि दाता निघून जाणार. ज्या वीस भिक्षूंना चीवर मिळावयाचे ते दरवर्षी निराळे, आणि ज्यांच्या हाती पैसा आहे ते विणकरही पिढी दर पिढी निराळे. शंभर वर्षांनी एखादा भिक्षू गोवर्धनात जाऊन चीवराचे पैसे मागू लागला, आणि कोणत्या निकायाने किती द्यावयाचे हे निश्चित नसले, तर एकाने दुसऱ्याकडे बोट दाखविण्यास पूर्ण वाव होता. पहिल्या निकायाने पाऊण दराचा आग्रह धरला असता आणि कागदावर केवळ कडेच्या बेरजा असत्या, तर त्याला खोटे पाडणे कठीण गेले असते. निगमसभेतील श्रावण आणि फलकावरील नोंद यांचा अर्थ या भीतीच्या संदर्भात लावला पाहिजे. (इंग्रजीतील ‘टेबल’ हा शब्द फळी या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. आपल्याकडील हिशेबाची फळी आणि त्यांची फळी यांचा संबंध नाही; पण लिहिण्याची वस्तू आणि लिहिण्याची रीत यांना एकच नाव मिळणे हे दोन्हीकडे घडले असते तर नवल नव्हते.)

दर शेकडा एक आणि शेकडा पाऊण, हे दोन्ही अर्थशास्त्राच्या सव्व्यापेक्षा कमी आहेत. मुद्दल कधीच परत करावयाचे नसल्याने निकायांनी कमी दर मान्य करून घेतला, हे स्पष्टीकरण संभाव्य वाटते. दोन निकायांत दराचा फरक का पडला हे मात्र आकड्यांवरून सांगता येत नाही. दरांच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. कोष्टकात मुद्दलाच्या शेजारी दराचा रकाना काढला, की त्याचीही बेरीज घेण्याचा मोह होतो. एक आणि पाऊण मिळून पावणेदोन ही बेरीज निरर्थक आहे, आणि तिची निमपट, म्हणजे सात-अष्टमांश, हा सरासरी दरही चुकीचा आहे. खरा सरासरी दर मुद्दलाच्या प्रमाणात काढावयाचा : वार्षिक व्याज २४० अधिक ९०, एकूण ३३०, महिन्याचे साडेसत्तावीस, तीन हजारांवर शेकडा अकरा-बारांश. दुहेरी कोष्टकाच्या कडेला बेरीज लिहावयाची ती मोजलेल्या वस्तूंची, दरांची नव्हे. शाळेत हा फरक बहुधा शिकविला जात नाही, आणि त्याचा परिणाम आर्थिक इतिहासाच्या लेखनातही कधीकधी दिसतो.

यापुढे कुशणमूलाचा प्रश्न येतो. हजारावर पाऊण दराने महिन्याला साडेसात, वर्षाला ९०. हे ९० कार्षापण कशासाठी? ‘कुशण’ या शब्दाविषयी एकमत नाही. कोणी त्यात एका नाण्याचे नाव पाहिले, कोणी भिक्षूंच्या किरकोळ खर्चाची तरतूद पाहिली. चीवराच्या रकान्यातून वीस हा आकडा उचलून इकडे ठेवावा आणि प्रत्येकी साडेचार कार्षापण असा निर्णय द्यावा, हा मार्ग सोपा आहे. पण तो अग्राह्य आहे. चीवराच्या रकान्यात वीस, बारा आणि दोनशे चाळीस या तिन्हींचा आधार लेखात स्वतंत्रपणे होता. म्हणून तेथील गुणाकार हा पुरावा ठरला. कुशणमूलाच्या रकान्यात माणसे किती ते लेख सांगत नाही, दर माणशी किती तेही सांगत नाही. केवळ ९० ही संख्या गणिताने मिळते. तिचे वीस भाग करणे म्हणजे दोन अज्ञातांपैकी एक आपण गृहीत धरून दुसरे शोधून काढल्याचे समाधान मानणे होय. साडेचार हा आकडा नीटस दिसतो म्हणून तो खरा ठरत नाही. कुशण भिक्षुगणिक होते की लेण्यागणिक, हेही येथे अनिर्णीतच ठेवले पाहिजे.

चीवराचे कोष्टक पूर्ण होते ते दात्याच्या लेखनिकाच्या दक्षतेमुळे, हे त्याच परिसरातील दुसऱ्या एका अक्षयनिधीशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा हा लेख त्याच क्रमांक १० च्या लेण्यापाशी आहे. दात्री विष्णुदत्ता, शक अग्निवर्म्याची कन्या, गणपक रेभिलाची पत्नी आणि गणपक विश्ववर्म्याची माता. त्रिरश्मी पर्वतावरील विहारात राहणाऱ्या भिक्षुसंघातील रुग्णांच्या औषधासाठी तिने गोवर्धनातील श्रेणींकडे पैसे ठेवले. सुमारे दीड-दोनशे वर्षांनंतरही गोवर्धनच्या श्रेणी तेच काम करीत होत्या, आणि आता त्यांत केवळ विणकर नव्हते. कुलरिक, म्हणजे बहुधा कुंभार, यांच्या श्रेणीकडे १०००. ओदयंत्रिक, म्हणजे जलयंत्रे करणारे किंवा चालविणारे, यांच्याकडे २०००. पुढे दगड खराब झालेला आहे. एका श्रेणीचे नाव गेले आहे, पण तिच्यापुढील ५०० राहिले आहेत. त्यानंतर तिलपिषकांचे, म्हणजे तेल गाळणाऱ्यांचे, नाव राहिले आहे, पण त्यांच्यापुढील रक्कम पुरती हाती लागत नाही.

येथे कोष्टकाला चार ओळी आहेत आणि दोन घरे मोडली आहेत. पण दोन मोडी एका जातीच्या नाहीत. उषवदाताच्या लेखाप्रमाणे येथेही आरंभी एकूण निधी सांगितलेला आणि तो टिकलेला असता, तर तिलपिषकांची रक्कम एका वजाबाकीने मिळाली असती : एकूणातून साडेतीन हजार वजा. तशी एकूण संख्या उपलब्ध नाही. निधी साडेतीन हजारांहून अधिक होता, एवढेच खात्रीने सांगता येते, आणि किती अधिक हे सांगण्याचा प्रयत्न करू नये. दुसरे घर आकड्याचे नसून नावाचे आहे. ५०० कार्षापण कोणाकडे होते हे कितीही बेरजा हाती आल्या तरी गणित सांगू शकणार नाही. ते दुसऱ्या एखाद्या लेखातूनच कळू शकेल. गोवर्धनच्या फलकावर ते नाव उषवदाताच्या निकायांप्रमाणे नोंदविलेले असणार. ते फलक लाकडाचे होते की अन्य कशाचे, हे लेख सांगत नाही. त्यांतील एकही आजवर हाती आलेला नाही.